अतिलघु भयपट

अतिलघु भयपट : साधारणपणे एक ते पाच मिनिटांत संपणारा, स्टुडिओच्या भांडवलाशिवाय तयार झालेला आणि प्रेक्षकाला भीतीच्या एकाच क्षणापर्यंत नेऊन तिथेच थांबणारा कथापट. लांबीची सर्वमान्य मर्यादा नाही. ऑस्कर पुरस्कारांच्या नियमांत ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘फिल्मिनिट’ या महोत्सवात मात्र एका मिनिटाचेच चित्रपट घेतले जातात. प्रस्तुत नोंदीत पाच मिनिटांच्या आतील कृतींवर भर असून त्याहून लांब कृती संबंधापुरत्या आल्या आहेत.

या प्रकाराची दृश्यशैली काटकसरीतून घडली, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. पैसा कमी असला की भूत कमी दिसते. पण कमी दिसले म्हणून ते भीतीदायक होतेच असे नाही. या चित्रपटांचे मर्म एकच जागा प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा पाहायला लावण्यात आहे. कॅमेरा हलत नाही, चौकट तीच राहते, तिच्यातली एक गोष्ट तेवढी बदलते. पुढील विवेचन प्रामुख्याने छायाचित्रण आणि प्रकाशयोजना यांच्या अंगाने केले आहे.

पूर्वपीठिका : चौकट स्थिर ठेवून तिच्यातील वस्तू बदलण्याची युक्ती चित्रपटाइतकीच जुनी आहे. १८९५ मध्ये एडिसन कंपनीसाठी आल्फ्रेड क्लार्क यांनी स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या शिरच्छेदावर काही सेकंदांचा चित्रपट केला. त्यात कुऱ्हाड पडण्यापूर्वी कॅमेरा थांबवून नटाच्या जागी बाहुले ठेवले होते. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी ‘ल मान्वार द्यु द्याब्ल’ (सैतानाची गढी) हा तीन मिनिटांच्या आसपासचा चित्रपट केला. एक वटवाघूळ आत येते, त्याचा सैतान होतो, माणसे आणि वस्तू प्रकटतात आणि नाहीशा होतात. हा जगातील पहिला भयपट होय, असे अनेक ठिकाणी नमूद केलेले आढळते. मेलिएस यांचा हेतू घाबरवण्याचा होता की जादूचे प्रयोग दाखवून रंजन करण्याचा, याविषयी एकमत नाही. सेगुंदो दे चोमोन यांच्या १९०८ मधील ‘ला मेझाँ आँसोर्सले’ (झपाटलेले घर) मध्ये जेवणाच्या टेबलावरच्या वस्तू आपोआप हलू लागतात. भुताचा चेहरा न दाखवता घरातील सामानालाच कामाला लावण्याची ही रीत पुढे फार उपयोगी पडली.

माया डेरेन आणि अलेक्झांडर हमीद या दांपत्याचा ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ (१९४३) सुमारे १४ मिनिटांचा आहे आणि रूढ अर्थाने भयपट नाही. तरीही या नोंदीत त्याला जागा देणे आवश्यक वाटते. नवरा-बायकोने स्वतःच्या लॉस एंजेलिसमधील घरात, १६ मिलिमीटर कॅमेऱ्यावर तो घडवला. तीच वाट, तोच जिना, तीच किल्ली आणि तीच सुरी पुन्हा पुन्हा समोर येते आणि दर फेरीला काहीतरी थोडे निराळे असते. काळ्या वस्त्रातील आकृतीला चेहऱ्याच्या जागी आरसा आहे. दिग्दर्शनाचे श्रेय दोघांपैकी कोणाला किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

लाइट्स आउट (२०१३) : या प्रकारातील सर्वाधिक परिचित कृती. दिग्दर्शक डेव्हिड एफ. सँडबर्ग, अभिनय त्यांची पत्नी लोटा लोस्टेन यांचा. लांबी पावणेतीन मिनिटांच्या आत. ब्रिटनमधील ‘ब्लडी कट्स’ या गटाच्या भयपट स्पर्धेसाठी सँडबर्ग दांपत्याने स्वीडनमधील आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये, जवळजवळ काहीही खर्च न करता, तो तयार केला. स्पर्धेत त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. इंटरनेटवर तो झपाट्याने पसरला तो त्यानंतर. निर्मितीची तपशीलवार माहिती सँडबर्ग यांनी स्वतःच्या व्हिडिओंतून दिली आहे. इतर बहुतेक अतिलघु भयपटांबाबत अशी माहिती उपलब्ध नसल्याने येथे या एका चित्रपटाला अधिक जागा दिली आहे.

कथानक असे : झोपायला निघालेली स्त्री पॅसेजमधला दिवा बंद करते आणि अंधारात, पॅसेजच्या टोकाला, एक मानवी आकृती उभी दिसते. दिवा लावला की तिथे कोणी नाही. पुन्हा बंद, पुन्हा आकृती. काही वेळा असे झाल्यावर दिवा बंद होताच आकृती एकदम जवळ आलेली असते. स्त्री दिव्याचे बटण चिकटपट्टीने चिकटवून टाकते, खोलीत जाते, पांघरूण डोक्यावर ओढते. बाहेर पावले वाजतात. पॅसेजमधला दिवा जातो. उशाजवळचा दिवा लुकलुकू लागतो. ती हात बाहेर काढून प्लग नीट बसवते. उजेड स्थिर होतो. ती सुटकेचा श्वास टाकून वळते, तर दिव्याशेजारीच ते तोंड आहे, आणि तेच दिवा मालवते.

तंत्र तपासले तर ते मेलिएसच्या जवळचे आहे. कॅमेरा तिवईवर पक्का आहे. दिवा लागलेला रिकामा पॅसेज हा एक शॉट, दिवा विझलेला आणि आकृती असलेला पॅसेज हा दुसरा. पुढच्या भागातील स्त्री आणि मागची आकृती वेगवेगळी चित्रित करून एकाच चौकटीत जोडलेली. जोड कुठे आहे ते कळत नाही, कारण प्रत्येक कट बटणाच्या आवाजावर पडतो आणि त्याच क्षणी सगळी चौकट उजेडातून अंधारात जाते. डोळ्याला बदल अपेक्षितच असल्याने तो बदलामागचा दुसरा बदल शोधत नाही.

एकही संवाद नसताना प्रेक्षकाला नियम समजतो : अंधारात ते असते, उजेडात नसते. तो शिकवण्याचे काम बटण दाबणारा हात करतो आणि दाबणारी स्त्री असल्यामुळे प्रत्येक वेळी पाहण्याचा निर्णय तिचा असतो. शेवटच्या शॉटमध्ये हाच नियम मोडतो. आकृती उजेडात दिसते, आणि बटण आता तिच्या हातात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपटाची खरी उंची या अदलाबदलीत आहे. त्या विद्रूप चेहऱ्याची चर्चा फार झाली; हाताची व्हायला हवी तेवढी झाली नाही.

याच दांपत्याचे ‘कॅम क्लोजर’ (२०१३), ‘पिक्चर्ड’ (२०१४) आणि ‘अ‍ॅटिक पॅनिक’ (२०१५) हे अतिलघु भयपटही घरगुती साधनांवरच उभे आहेत. ‘कॅम क्लोजर’मध्ये दिव्याचे काम मोबाइलचा कॅमेरा करतो.

प्रकाश : २००८ मध्ये बाजारात आलेल्या ‘कॅनन ५डी मार्क २’ या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यात पूर्ण आकाराच्या सेन्सरवर हाय डेफिनिशन व्हिडिओ घेण्याची सोय होती. त्यापूर्वीच्या स्वस्त व्हिडिओ कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान असत, आणि अंधारात चित्र दाणेदार व मळकट येई. २०१४ मधील ‘सोनी ए७एस’ची संवेदनक्षमता ४,०९,६०० आयएसओपर्यंत नेता येत असे. अंधार हाच ज्याचा विषय, त्या चित्रपटप्रकाराला या यंत्रांनी मोठा हात दिला, कारण उशाजवळचा दिवा, फ्रिजचा उजेड, विजेरी, मोबाइलचा पडदा अशा चौकटीत दिसणाऱ्या दिव्यांवरच आता प्रसंग उजळता येऊ लागला. व्यवसायात अशा दिव्यांना ‘प्रॅक्टिकल’ म्हणतात. त्यांचा फायदा दुहेरी आहे. वेगळी दिवेसामग्री भाड्याने आणावी लागत नाही, आणि दिवा कथेतलाच असल्यामुळे तो विझणे ही घटना ठरते.

अंधाराचे प्रमाण ठरवणे हे या शैलीतील सर्वांत नाजूक काम आहे. पूर्ण काळ्या चौकटीत प्रेक्षक काहीच शोधत नाही. आकृतीची कड मागच्या भिंतीपासून जेमतेम सुटी दिसेल इतकाच उजेड मागे ठेवावा लागतो. म्हणून पॅसेजच्या टोकाला खिडकी किंवा फिकट भिंत निवडण्याची पद्धत रूढ झाली. इंटरनेटवर चढवताना व्हिडिओ दाबला जातो आणि गडद भागात पट्टे व चौकोनी ठोकळे उमटतात. त्यामुळे अनेक जण शुद्ध काळ्याऐवजी किंचित राखाडी छटा ठेवतात. खिडकीकडून निळा आणि दिव्याकडून पिवळा प्रकाश ही जोडी इतकी वापरली गेली आहे की आता तिच्यात काही उरलेले नाही.

चौकट : खांद्यामागची मोकळी जागा, अर्धवट उघडे दार, पलंगाखालची फट, कपाटाची चीर. रुंद कोनाच्या लेन्सने पात्राला बाजूला ठेवून उरलेली चौकट रिकामी सोडतात आणि प्रेक्षक ती स्वतःहून तपासू लागतो. ड्रू डेवॉल्ट यांच्या ‘बेडफेलोज’मध्ये (२००८) झोपलेल्या बाईला रात्री फोन येतो, पलीकडे नवरा बोलतो आहे, मग शेजारी कोण झोपले आहे? पलंगाची दुसरी बाजू सुरुवातीपासून चौकटीत असते. बदलतो तो तिचा अर्थ. इग्नासिओ एफ. रोदो यांचा एका मिनिटाचा ‘टक मी इन’ (२०१४) हा खुआन खे. रुइस यांच्या सूक्ष्मकथेवर आधारलेला आहे. मुलगा बापाला पलंगाखाली राक्षस आहे का ते बघायला सांगतो. खाली तोच मुलगा दडलेला असतो आणि आपल्या पलंगावर कोणीतरी आहे असे सांगतो. वर आणि खाली असे दोन शॉट, चेहरा एकच. यात ना रंगभूषा आहे ना मोडतोड, आणि कोणते मूल खरे ते चित्रपट सांगत नाही.

स्थिर चौकटीच्या नियमाला सर्वांत मोठा अपवाद म्हणजे आंद्रेस मुशिएत्ती यांचा ‘मामा’ (२००८). सुमारे तीन मिनिटांचा हा स्पॅनिश भाषेतील चित्रपट एकसंध वाटणाऱ्या एकाच शॉटमध्ये घडतो. एक लहान मुलगी बहिणीला उठवून आई परत आल्याचे सांगते; दोघी खाली जातात आणि पुन्हा जीव घेऊन वर पळतात. येथे कॅमेरा मुलींबरोबर फिरतो. मात्र पळताना पुन्हा तोच जिना आणि तीच दारे येतात, म्हणजे जागेची उजळणी याही चित्रपटात आहेच.

संकलन व काळ : पहिल्यांदा दिसते, दुसऱ्यांदा खात्री पटते, तिसऱ्यांदा मांडणी बिघडते, अशी तीन पायऱ्यांची बांधणी बहुधा आढळते. स्पष्टीकरण दिले जात नाही. भीतीच्या टोकाला पडदा काळा होतो.

ध्वनी : पावले, दाराची करकर, बटणाचा आवाज, शेवटी एकच मोठा आघात.

उभी चौकट : मोबाइलवर पाहण्यासाठी ९:१६ प्रमाणात केलेले चित्रपट अलीकडे वाढले आहेत.

ध्वनिचित्रफितीची शैली : घरगुती व्हिडिओ कॅसेटचा पोत मुद्दाम आणणारा एक प्रवाह २०१५ नंतर ठळक झाला. क्रिस स्ट्रॉब यांच्या ‘लोकल ५८’ या मालिकेत एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राचे प्रक्षेपण बिघडत जाते. ४:३ चौकट, आडव्या रेषा, विटलेले रंग आणि अधिकृत वाटणाऱ्या सूचना एवढ्यावरच काम भागते. केन पार्सन्स या अमेरिकी किशोराने जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द बॅकरूम्स’ नऊ मिनिटांचा, म्हणजे या नोंदीच्या मर्यादेबाहेरचा आहे. पण प्रकाशाच्या दृष्टीने त्याने उलटे पाऊल टाकले. ‘ब्लेंडर’ या मोफत संगणकप्रणालीत घडवलेल्या त्या खोल्यांत अंधार फारसा नाहीच. पिवळट भिंती, ट्यूबलाइटचा सपाट उजेड आणि एकसारख्या खोल्यांपुढे आणखी एकसारख्या खोल्या. सावली नसल्यामुळे लपायला जागा नाही, आणि तरी काहीतरी लपलेले आहे असे वाटत राहते.

पूर्ण लांबीकडे : सॅम रेमी यांचा ‘विदिन द वूड्स’ (१९७८) ‘द इव्हिल डेड’साठी, आणि जेम्स वान व ली व्हॅनेल यांचा ‘सॉ’चा लघुपट (२००३) त्याच नावाच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी निर्माते मिळवायला केला होता. जेनिफर केंट यांच्या ‘मॉन्स्टर’मधून (२००५) ‘द बाबाडूक’ (२०१४) आला. ‘मामा’ पाहून गिएर्मो देल तोरो यांनी २०१३ मधील चित्रपटाच्या निर्मितीत सहभाग घेतला. ‘लाइट्स आउट’चा चित्रपट (२०१६) वान यांच्या निर्मितीत झाला, सुमारे ४९ लाख डॉलर खर्चून त्याने १४ कोटींहून अधिक कमाई केली. दीड तासाच्या चित्रपटाला आकृतीचे नाव, पूर्वकथा आणि कारण द्यावे लागले. ती गरज समजण्याजोगी आहे, पण प्रस्तुत लेखकाला मूळची निनावी आकृतीच अधिक परिणामकारक वाटते.

मराठी संदर्भ : दादासाहेब फाळके यांचा ‘अंकुराची वाढ’ (१९१२) हा भयपटाशी संबंध नसलेला लघुपट वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवतो, स्थिर चौकटीत थोडा थोडा बदल घडवून टिपण्याच्या तंत्राचा तो भारतातील आरंभीचा नमुना आहे. नारायण धारप यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा यांमुळे शेवटी सारे उलटवून टाकणारी रचना मराठी वाचकाच्या चांगली परिचयाची आहे. येथे वर्णिलेली दृश्यशैली मात्र एकट्या माणसाच्या फ्लॅटवर बेतलेली आहे. चाळीतल्या भरल्या खोलीत किंवा दिवाणखान्यात चारजण झोपलेल्या घरात पॅसेजचा दिवा बंद करून बघणारी ती बाई कोणाला तरी हाक मारील, आणि चित्रपट तिथेच संपेल. कोकणातील चकवा हा या शैलीला अधिक जवळचा आहे. त्याला चेहरा नाही, वेशभूषा नाही. ओळखीच्या वाटेवरून चाललेला माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. ते चित्रित करायला एक पायवाट, एक झाड, एक विजेरी आणि तिवईवर पक्का बसवलेला कॅमेरा पुरेल.