अंधेरीहून फ्रँकफर्टला

1979 चा ऑक्टोबर. तुम्ही कंपनीच्या कामासाठी जर्मनीला निघाला आहात आणि ओळखीच्या एका बाईंनी विचारलंय, "जाताच आहात, तर एक बाळ न्याल का बरोबर?" दत्तक घेणाऱ्या जोडप्याला मुंबईला यायला जमत नसेल, तर एखाद्या प्रवाशाबरोबर मूल पाठवायची तेव्हा पद्धत आहे. तुम्ही हो म्हणालात. म्हणून आता स्लो लोकलने अंधेरीला उतरून, पश्चिमेला फियाट टॅक्सी करून, तुम्ही एका अनाथाश्रमाच्या दारात उभे आहात.

आत ओळीने पाळणे. दोरीवर लंगोट वाळताहेत. सात महिन्यांची मुलगी तुमच्या हातात येते. केसांना खोबरेल चोपडलेलं, गालाला काजळाची तीट. सांभाळणारी मावशी एकच सूचना देते, "डाव्या खांद्यावर रडते हो ती. उजव्यावर घ्या, लगेच झोपंल." सात महिने रोज कडेवर घेतल्याशिवाय हे कुणाला कळत नाही. पण तुमच्याकडे दिलेल्या कागदांत ते कुठेही लिहिलेलं नाही.

कागद मात्र भरपूर आहेत. टॅक्सीत बसल्यावर चाळा. सगळ्यात वर मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश, पालकत्वाचा. दत्तकाचा नव्हे. 1956 च्या कायद्याने दत्तक घेता येतं ते हिंदूंना. म्हणून परदेशी जोडपं इंग्रजांच्या काळातल्या, 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलीचं पालक होतं, तिला आपल्या देशात नेतं आणि दत्तकविधान तिथल्या कायद्याने करतं. खाली डॉक्टरांचा दाखला आणि पासपोर्ट. पासपोर्टवरचं नाव आश्रमाने ठेवलेलं आहे, थोड्या दिवसांनी तेही बदलेल. जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने टाकली आहे.

विमान रात्रीचं आहे. सांताक्रूझला पोचायच्या आधी सात महिने मागे जाऊन या. प्रवेशाची नोंदवही उघडा. एक ओळ: तारीख, वजन, आईने सोपवले, नाव उघड करू नये. आई घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली असेल, की मुलुंडच्या एखाद्या कारखान्यामागच्या चाळीतली? ती का आली, कोणाबरोबर आली, जाताना काय म्हणाली, हे लिहायला रकाना नाही. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. वीस-पंचवीस वर्षांनी कोणी येऊन विचारील, हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही. मला यातलं सगळ्यात जड हेच वाटतं.

आणखी मागे, 1942. अंधेरीत ॲना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन सिस्टर 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा संघ उभा करताहेत. अंधेरीतल्याच सेंट कॅथरिन्स होम या अनाथाश्रमातल्या मुलींसाठी तिकडे जर्मनीत, बॉनमध्ये मदत गोळा होऊ लागते आणि 1967 मध्ये रोझी गोलमन संस्थेची नोंदणी करतात, नाव 'अंधेरी-हिल्फं'. बॉनमधल्या माणसांना आपलं उपनगर ठाऊक झालं ते या मुलींमुळे.

मुलं दूरदेशी पाठवणं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडलाही डोकावून या, 1869 मध्ये. तिथून गरिबांची मुलं जहाजांत भरून कॅनडाला धाडायला सुरुवात झाली आहे. पुढच्या काही दशकांत धर्मादाय संस्था अशी जवळपास एक लाख मुलं पाठवतील, नंतर ऑस्ट्रेलियालाही. शेतावर राबायला. अनेकांना 'तुझे आईबाप वारले' असं सांगितलं गेलं, आणि आईबाप तर इंग्लंडात जिवंत होते. 1980 च्या दशकात नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गारेट हम्फ्रीज यांनी ही मुलं आणि त्यांची माणसं एकमेकांना भेटवायला घेतली. ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये आणि ब्रिटनने 2010 मध्ये जाहीर माफी मागितली. तुमच्या खांद्यावरच्या मुलीला राबायला जायचं नाही, तिची वाट बघणारं घर आहे. हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण आपण कुणाचे, हा प्रश्न तिलाही पडणारच.

आता पुढे चला. फेब्रुवारी 1984, सर्वोच्च न्यायालय. ॲडव्होकेट लक्ष्मीकांत पांडे यांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल लिहिलेल्या पत्राचीच याचिका झाली होती, आणि न्यायमूर्ती भगवती निकाल देताहेत: मान्यताप्राप्त संस्थेशिवाय मूल परदेशी जाणार नाही, आधी देशातच घर शोधायचं. पुढे 1990 मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे 'कारा', उभी राहते.

2003. आशा मिरो आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीसमोर उभ्या आहेत. 1974 मध्ये मुंबईतल्या सिस्टरांनी त्यांना बार्सिलोनाला पाठवलं तेव्हा त्या सात वर्षांच्याही नव्हत्या. 1995 मध्ये त्या पहिल्यांदा परतल्या, पण बहीण सापडायला 2003 उजाडलं. बहीण मराठीत बोलते, आशांना मराठी उरलेली नाही. मध्ये दुभाषी. पुण्याहून जर्मनीला गेलेल्या अरुण डोहले यांना तर स्वतःचे कागद बघायला मिळावेत म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि मग ती येते, तुमच्याबरोबर गेलेली. मेट्रोने आझादनगरला उतरते. दत्तकाच्या नियमाने आईचा शोध घ्यायला ती स्वतः अर्ज करू शकते, तिऱ्हाइताला मात्र शोध घेता येत नाही. तुम्हीही तिऱ्हाईतच. हे बरोबरच आहे. कुठेतरी एक बाई सत्तरीकडे झुकलेली असेल, सुना-नातवंडांत, आणि तिने हे घरात कधीच सांगितलं नसेल. दारात अचानक कुणी उभं राहू नये, हा तिचाही हक्क आहे.

म्हणून आधी त्या बाईला विचारलं जाईल. ती नाही म्हणाली, किंवा सापडलीच नाही, तर नाव मिळणार नाही. पण मूल कोणत्या कारणाने, कोणत्या परिस्थितीत सोपवलं, ते मुलीला सांगायचं, असं नियम म्हणतो. अधिकारी कपाटातून 1979 ची वही काढतात, बोटाने ओळ शोधतात आणि वाचून दाखवतात. तारीख, वजन, आईने सोपवले. ती विचारते, "आणि कारण?" ते पान उलटून मागची बाजू बघतात, मग दुसरी वही मागवतात.