तळटीप : वत्सगुल्मचे राजघराणे

१. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११–२०१९) या मालिकेतील स्टार्क-लॅनिस्टर घराण्यांची चढाओढ लेखकाने येथे उदाहरणादाखल घेतली आहे. वऱ्हाडच्या वाचकाला इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पहिल्या प्रवरसेनानंतर राज्याची वाटणी झाली. थोरली पाती नंदिवर्धनला राहिली आणि सर्वसेनाने वत्सगुल्मला आपली गादी मांडली. हा सर्वसेन कवीही होता, त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख मुळातून वाचावा. आठव्या वर्षी गादीवर बसून उत्तम राज्य करणारा राजा त्यात आहे. लेख झिजल्याने त्याचे नाव मात्र गेले. त्याचा मुलगा देवसेन. हस्तिभोजासारखा कर्तबगार मंत्री लाभल्यावर त्याने राज्यकारभार त्याच्यावर सोपवला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. हस्तिभोजाचा मुलगा वराहदेव पुढे देवसेनाचा मुलगा हरिषेण याचा मंत्री झाला. हे लेणे त्यानेच कोरवले. राजाच्या पिढ्यांबरोबर मंत्र्याच्या पिढ्याही चालतात, हे या घराण्याचे खरे वैशिष्ट्य, आणि मालिकेशी तुलना करायचीच तर ती इथे करावी.

हरिषेणानंतर ही सत्ता लवकरच लयाला गेली. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत त्या पडझडीचे प्रतिबिंब असल्याचे वा. वि. मिराशी यांचे मत होते. आम्हांला ते पटते.

देवसेनाच्या काळातील शके ३८० चा, सुदर्शन तलावाचा उल्लेख असलेला शिलालेख वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथे सापडला.