प्रवेशाची विषयसूची

सतराव्या शतकात हार्वर्डच्या आरंभीच्या नियमावलीत सिसेरोचे लॅटिन समजणे व ग्रीक शब्द चालविता येणे अशी प्रवेशाची अट होती. पुढे मात्र प्रत्येक अमेरिकन महाविद्यालयाचा दस्तूर निराळा झाल्याने शाळांची जी ओढाताण होऊ लागली, ती थांबविण्यासाठी १८९२ मध्ये हार्वर्डचे तत्कालीन प्रमुख चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दहा जणांच्या समितीने, महाविद्यालयात जाणाऱ्या व न जाणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रत्येक विषय एकाच रीतीने शिकवावा, अशी शिफारस केली. हे मत मला आजही उदात्त वाटते. १९०० मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी सामायिक परीक्षामंडळ स्थापन झाले. १९५६ साली त्याने हुशार मुलांना महाविद्यालयीन अभ्यास शाळेतच करता यावा म्हणून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा घेतल्या, आणि कालांतराने शाळेच्या अखेरच्या वर्षाची विषयनिवड प्रवेशअर्जाचेच अंग बनली. सर्वांना एकाच रीतीने शिकविण्याचा एलियट-समितीचा हेतू यात पराभूत झाला, असेच माझे मत आहे.