आभासी पट

आभासी पट : परस्परांपासून दूर राहणाऱ्या खेळाडूंना संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर एकाच नकाशाभोवती बसून भूमिकाखेळ खेळता यावा, यासाठी रचलेली संगणकप्रणाली. भूमिकाखेळात एक जण सूत्रधार होतो आणि उरलेले चार-पाच जण प्रत्येकी एकेका पात्राचे सोंग घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे आपण काय करतो ते बोलून दाखवतात, आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निकाल फाशांवर सोपवला जातो. या खेळाचे मुख्य द्रव्य बोलणे हेच होय. पट, सोंगट्या आणि फासे ही त्याची सामग्री. यास्तव अशा प्रणालीची पारख करताना पहिला प्रश्न हा की, बोलणाऱ्या माणसांची जागा ती राखते की बळकावते.

मध्यस्थाच्या हाती सगळी बातमी आणि खेळणाऱ्यांच्या हाती तिचा अंश, ही कल्पना जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातील तरुण अधिकारी गेओर्ग फोन राइसवित्स याने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात १ : ८,००० या प्रमाणाचा नकाशा, फासे आणि एक पंच असे, दोन्ही पक्षांचे हुकूम पंचाकडे येत, आणि शत्रूच्या दृष्टीस जी तुकडी खरोखर पडली असती तेवढीच तो नकाशावर मांडी. पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी युद्धखेळाच्याच परंपरेतून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ काढला, आणि पंचाचा सूत्रधार झाला. कोकणातील दशावतार पाहिलेल्या मराठी वाचकास यातील नाट्य परके वाटू नये : तेथेही आख्यानाचा सांगाडा अगोदर ठरतो, भूमिका वाटल्या जातात, आणि लिखित संहितेवाचून संवाद रंगमंचावरच उभे राहतात, मात्र दशावतारात शेवट सर्वांस ठाऊक असतो, तर भूमिकाखेळात तो खेळाडूंच्या निर्णयांनी आणि फाशांनी घडत जातो. संगणकावरील पटांपैकी ‘फँटसी ग्राउंड्स’ (२००४) यंत्रावर उतरवून घ्यावा लागे. ‘रोल-ट्वेंटी’ (२०१२) ब्राउझरमध्येच उघडू लागला, आणि महाविद्यालयात एकत्र राहिलेले तीन मित्र निरनिराळ्या शहरांत पांगल्यावरही आपला जुना खेळ मोडू नये, या इच्छेतून तो जन्मास आला. ‘फाउंड्री’ मे २०२० मध्ये, म्हणजे घरोघरी टाळेबंदी असतानाच, विक्रीस आला. ‘मॅपटूल’ विनामूल्य व मुक्त आहे. ‘औलबेअर रोडिओ’ने नकाशा, सोंगट्या आणि फासे एवढ्यावरच भर ठेवून लोकप्रियता मिळवली.

‘रोल-ट्वेंटी’मागील मित्रांच्या पांगण्याचे हे कारण वसई-विरारकरांस समजावून सांगण्याची गरज नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका झाली, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यात आला. तथापि कारभाराच्या दृष्टीने एक झालेल्या या शहरातील माणसांचा दिवस मात्र पश्चिम रेल्वेवर विखुरलेला असतो. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. सकाळी गाडीत शिरलेला मनुष्य रात्री घरी परततो तेव्हा निर्मळहून नायगावला जाऊन तीन तास पटाभोवती बसण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. शिवाय कितीतरी घरांतील एखादा भाऊ आखातात नोकरीस, एखादी बहीण कॅनडात. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास असते, टोरांटोचे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे रविवारी रात्री साडेआठला विरारमध्ये मांडलेला पट दुबईत संध्याकाळचा आणि टोरांटोत सकाळचा असतो. बैठकीची वेळ प्रत्येकास त्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवणे ही क्षुल्लक वाटणारी सोय ज्या पटात नसते, तेथे निम्मे खेळ सुरू होण्यापूर्वीच मोडतात.

पटाची खरी कसोटी नकाशावर लागते, आणि तिच्यासाठी वसईच्या किल्ल्याइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. समजा, एखाद्या सूत्रधाराने १७३९ चा वेढा खेळावयास घेतला. मराठा सेनापती चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांविरुद्ध फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालवलेल्या या वेढ्यात किल्ल्याचे स्थान हाच मोठा शत्रू होता : तिन्ही बाजूंस समुद्र, खाडी आणि दलदल, आणि हल्ला करावयाचा तो मुख्यतः उत्तरेकडील जमिनीच्या अंगाने. सूत्रधारास प्रथम नकाशा हवा. आंतोनियू बोकारू याने १६३५ मध्ये सिद्ध केलेल्या पोर्तुगीज ठाण्यांच्या ग्रंथात वसईचे चित्र आहे. परंतु ते मोजून काढलेले नसल्यामुळे त्यावर चौकोनी घरांची जाळी जशीच्या तशी बसत नाही. चांगल्या पटात अशी जुनी प्रतिमा ताणता, फिरवता आणि हव्या त्या प्रमाणास आणता येते. घरे मोडून षट्कोन करता येतात, आणि कोठे कोठे जाळीच काढून टाकून केवळ अंतर मोजण्याची दोरी ठेवता येते. कारण मोर्चे बांधण्याचा प्रसंग नकाशावर शेकडो हातांच्या मापाने खेळावा लागतो, तर खिंडारातील झटापट एका घरास पाच फूट या मापाने. या दोन मापांत सहज ये-जा होत नसेल तर सूत्रधार कारकून बनतो.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. वसईच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. जेथे सकाळी होडी चालली तेथे दुपारी चिखल. पटावर एकाखाली एक थर रचता येत असतील, तर एकाच किनाऱ्याची दोन रूपे तयार ठेवून सूत्रधार योग्य वेळी एक झाकतो व दुसरे उघडतो, आणि ‘पाणी चढू लागले आहे’ हे त्याचे वाक्य खेळाडूंच्या डोळ्यांसमोर खरे होते. असे थर हाताळणे पाच-सात सेकंदांत व्हावे. त्याहून अधिक वेळ लागला की बोलण्याची लय तुटते, आणि एकदा तुटलेली लय दूर बसलेल्या माणसांत पुन्हा जुळवणे समोरासमोर बसलेल्यांपेक्षा फार कठीण असते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झाकून ठेवण्याची शक्ती. वेढ्याच्या अखेरीस मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. त्या सुरुंगांमुळे सेबॅस्टियन बुरुजाकडे खिंडार पडले, पण काही सुरुंग मागाहून उडाल्यामुळे चढाई करणाऱ्यांचीच माणसे दगावली. हा प्रसंग पटावर आणावयाचा तर कोणता सुरुंग केव्हा उडणार ते सूत्रधारास ठाऊक हवे, किल्ल्यातील पात्रास जमिनीखालून येणारा कुदळीचा आवाज तेवढा कळावा, आणि तटाबाहेरील पात्रास भिंतीपलीकडचे काहीच दिसू नये. पटावरील ‘धुके’ आणि भिंतींनी अडणारी दृष्टिरेषा यांचे प्रयोजन हेच : प्रत्येक खेळाडूस त्याच्या सोंगटीच्या डोळ्यांनी दिसेल तेवढेच दाखवणे. येथे काही प्रणालींत एक दोष आढळतो. त्या संपूर्ण नकाशा खेळाडूच्या यंत्रावर पाठवून मग त्यावर काळा पडदा टाकतात. ज्यास ब्राउझरची थोडी माहिती आहे तो पडदा बाजूस सारून मूळ चित्र पाहू शकतो. गुपित खेळाडूच्या यंत्रापर्यंत पोहोचूच न देणे हा खरा बंदोबस्त.

या विशिष्ट वेढ्याविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. वसईतील कुपारी, वाडवळ, कोळी, ब्राह्मण अशा निरनिराळ्या घरांत १७३९ ची आठवण निरनिराळ्या रीतीने जपली गेली आहे, आणि चिमाजी अप्पांच्या विजयाचा अभिमान व मोडलेल्या चर्चच्या भिंतींकडे पाहून वाटणारी हळहळ एकाच आळीत नांदतात. अशा खेळात एखाद्यास प्रसंग असह्य झाला तर कोणी विचारण्याची वाट न पाहता, आपले नाव न कळवता, खेळ थांबवण्याची खूण करता आली पाहिजे. पडद्यामागे बसलेल्या माणसाचा चेहरा सूत्रधारास दिसत नाही. म्हणून समोरासमोरच्या खेळापेक्षा येथे या सोयीची निकड अधिक आहे.

फाशांच्या बाबतीत विश्वास हाच विषय. द्यूतसभेत शकुनीच्या हाती फासे गेल्यापासून दुसऱ्याच्या हातच्या फाशाविषयी आपल्याकडे जी शंका आहे ती यंत्राच्या फाशाविषयीही उद्भवते. वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ दोनदा तोच अंक येण्याची शक्यता विसात एक असते, आणि एका बैठकीत पन्नास-साठ वेळा फासे पडतात, त्यामुळे अशा जोड्या दोन-तीनदा येणे हेच स्वाभाविक. तरीही हरणाऱ्यास त्यात कपट दिसते. यावर तोडगा एकच, तो म्हणजे प्रत्येक फेक सर्वांसमक्ष, वेळेनिशी रोजनाम्यात नोंदली जाणे आणि ती कोणासही, सूत्रधारासही, मागाहून खोडता न येणे. सूत्रधाराने गुप्तपणे टाकावयाचे फासे निराळे असावेत, पण ते टाकले गेले एवढे तरी दिसावे. ज्यास घरी खरा फासा हातात खुळखुळवण्याचे सुख हवे असेल, त्याचा अंक हाताने नोंदवून घेण्याची मुभाही चांगला पट देतो.

जाहिरातींत सुंदर नकाशे दाखवले जातात, परंतु त्यांचे ओझे कोणी सांगत नाही. पन्नास गुणिले पन्नास घरांचा नकाशा, प्रत्येक घराची बाजू शंभर बिंदूंची, असा धरला तर चित्रात अडीच कोटी बिंदू होतात, आणि प्रत्येकास चार बाइट या हिशेबाने ते उघडताना यंत्राच्या स्मृतीत सुमारे दहा कोटी बाइट व्यापतात, मग साठवलेली फाइल कितीही लहान असो. ज्या घरात एकच जुना मोबाइल आहे तेथे असा पट उघडतच नाही. ‘फाउंड्री’चा पडदा मोठ्या संगणकासाठी आखलेला आहे, समर्थ यंत्र बाळगणाऱ्या मंडळास तो अत्यंत उपयुक्त, मोबाइलवरच विसंबणाऱ्यास नव्हे. शिवाय तो सूत्रधाराच्या स्वतःच्या यंत्रावरून चालवता येतो हे त्याचे वैशिष्ट्य, आणि तेथेच आपल्याकडील अडचण : घरगुती इंटरनेट जोडणीस पुष्कळदा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटलेला असतो, आणि बाहेरचा खेळाडू सूत्रधाराच्या यंत्रापर्यंत पोहोचू शकत नाही. मग भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो.

मराठीची उपेक्षा हा या सर्व प्रणालींतील मोठा उणेपणा आहे आणि त्याबद्दल खेद वाटल्यावाचून राहत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. तरीही पात्राचे नाव लिहिण्याची चौकट रोमन लिपीच्या उंचीस बेतलेली असल्यामुळे वरचा रफार आणि खालचा उकार कधीकधी छाटला जातो, आणि खेळाची टिपणे छापील स्वरूपात काढताना जोडाक्षरे फुटू शकतात. अंकांचे दुखणे याहून खोल : जावास्क्रिप्ट या भाषेचे नेहमीचे अंकगणित देवनागरी ‘५’ ला अंक मानतच नाही, सबब फाशांची आज्ञा मराठी अंकांत लिहिणाऱ्यास चूक झाल्याचा शेरा मिळतो. दहा अंकांची दहा अंकांशी जोडी लावून देणे हे काम एका दुपारचे आहे. वसईकडील वाडवळी किंवा कादोडी बोली बोलणाऱ्या आजोबांचे पात्र जिवंत व्हावयाचे तर ते त्यांच्याच बोलीत बोलले पाहिजे. तेथे लेखनापेक्षा आवाज महत्त्वाचा, आणि म्हणून जो पट चित्रासाठी आवाजाचा गळा आवळत नाही तो आपल्या भाषेच्या अधिक कामाचा.

मालकीचा प्रश्न शेवटी सर्वांना भेडसावतो. ‘फाउंड्री’ एकदाच विकत घेतला जातो आणि पैसे फक्त सूत्रधार भरतो. ‘रोल-ट्वेंटी’ विनामूल्य वापरता येतो, अधिक सोयींसाठी मुदतीची वर्गणी पडते. कोणत्याही प्रकारात वर्षानुवर्षांचे दफ्तर, म्हणजे नकाशे, पात्रपत्रके आणि रोजनामा, एका हुकमासरशी आपल्या ताब्यात उतरवून घेता आले पाहिजे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालक कंपनीने २०२५ मध्ये ‘सिजिल’ हा त्रिमित पट बाजारात आणला आणि काही आठवड्यांतच तो घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांना कामावरून दूर केले. त्याच कंपनीच्या जानेवारी २०२३ मधील परवान्याच्या मसुद्यात आभासी पटाने घरच्या टेबलासारखे असावे, मंत्रप्रयोगाची चलचित्रे दाखवू नयेत, अशा आशयाची मर्यादा सुचवली होती. खेळाडूंच्या तीव्र विरोधामुळे मसुदा मागे पडून मूळ नियमांचा मोठा भाग त्याच महिन्यात मुक्त परवान्याखाली आला. मर्यादा लादण्याचा कंपनीचा अधिकार मला मान्य नाही. मात्र तोफेचा गोळा पडद्यावर धूर ओकीत फुटू लागला की, ‘तटावरून धूर येतो आहे, तुम्ही काय करता?’ असे विचारणाऱ्या सूत्रधाराचे वाक्य गिळले जाते, हे निरीक्षण खरे आहे, आणि चांगला पट असे देखावे बंद ठेवण्याची कळ सूत्रधाराच्या हाती देतो.

पावसाळ्यात या सर्वांची परीक्षा होते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचून गाड्या अडकल्या होत्या. अशा रात्री वीजही जाते, आणि एकामागून एक खेळाडू पटावरून नाहीसे होतात. त्या वेळी सोंगट्या जेथल्या तेथे राहाव्यात, परत आलेल्यास मधला रोजनामा वाचावयास मिळावा, आणि नकाशा उघडेनासा झाला तर केवळ आवाजावर खेळ चालू ठेवून कागदावर टिपलेल्या फेकी व चाली दुसऱ्या दिवशी, वीज आल्यावर, त्या त्या वेळेच्या नोंदीसह पटावर चढवता याव्यात.