पावती नसलेली रांग

फेब्रुवारी २०१४. ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत बजाजने दोन पल्सर मांडल्या. एक पूर्ण फेअरिंगची एसएस ४००, दुसरी उघड्या इंजिनाची, भरदार टाकीची सीएस ४००. त्याच प्रदर्शनात हिरोच्या स्टॉलवर एचएक्स २५० आर होती. मी तेव्हा अकरावीत होतो. या तिन्ही गाड्यांचे फोटो आमच्या फोनवर फिरत होते आणि कुठली घ्यायची यावर शेवटच्या बाकावर भांडणंही व्हायची. घेणार कुणीच नव्हतं. बहुतेकांकडे लायसन्सही नव्हतं.

त्या तिघींपैकी एकच रस्त्यावर आली, तीही दुसऱ्या नावाने. आता पुन्हा नव्या स्पोर्ट-टूररच्या बातम्या येतायत, स्टिकर लावून रूप लपवलेल्या टेस्ट बाइकचे अंधुक फोटो फिरतायत. म्हणून हा इतिहास एकदा नीट मांडावासा वाटला.

आधी शब्दाचा अर्थ. स्पोर्ट-टूरर म्हणजे वेगात वळणारी आणि तरीही दिवसभर बसता येईल अशी गाडी. रेसिंग बाइकवर शंभरेक किलोमीटरनंतर मनगटं दुखायला लागतात. क्रूझरवर पाठ सुखात असते, पण घाटात ती जड जाते. ही या दोन्हींमधली जागा. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर १०० आरएस आणली, तेव्हा तिची फेअरिंग इटलीतल्या पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये घडवली होती. कारण साधं आहे. ताशी शंभरच्या पुढे माणसाला इंजिन थकवत नाही, वारा थकवतो. छातीवर येणारा वारा वरून निघून गेला, की हँडलला लटकून राहावं लागत नाही.

आपल्याकडे या व्याख्येला आणखी एक अट चिकटते. घरात गाडी एकच असते. सोमवार ते शुक्रवार तीच ऑफिसला, शनिवारी पहाटे तीच ताम्हिणीला आणि दिवाळीत तीच गावी. तिचा हप्ता पहिल्या-दुसऱ्या नोकरीच्या पगारातून जाणार असतो. ही अट पहिल्यांदा बऱ्यापैकी पूर्ण केली ती २००३ च्या हिरो होंडा करिझ्माने. २२३ सीसी, सतरा-एक हॉर्सपॉवर, अर्धी फेअरिंग आणि १५ लिटरची टाकी. आजच्या हिशेबात ताकद किरकोळ, पण ती थांबायचं नाव घेत नसे. २००७ मध्ये पल्सर २२० आली आणि दूर जाणाऱ्यांना दुसरा पर्याय मिळाला. त्यानंतर प्रश्न एकच उरला: आता पुढची कधी?

गाडीची वाट पाहणं आपल्या घरांना नवं नाही. परवान्यांच्या काळात कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवायचं. चेतकला गिऱ्हाईक भरपूर होतं, पण परवानगीशिवाय उत्पादन वाढवता येत नव्हतं. नंबर लागायला वर्षं जायची. दहा-दहा वर्षं थांबल्याच्या गोष्टी आजही घरोघरी सांगितल्या जातात. लागलेला नंबर वर पैसे घेऊन विकलाही जायचा. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० आल्या, त्याच वर्षी बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत ती रांग विरली.

पण त्या रांगेत एक गोष्ट होती जी आमच्या रांगेत नाही. त्या माणसाच्या कपाटात पावती होती. तिच्यावर नंबर होता, भरलेली रक्कम होती. कंपनी त्याला एक स्कूटर देणं लागत होती, उशिरा का होईना. आमच्या हातात फोटो आहे. प्रदर्शनात गाडी मांडणारी कंपनी बघणाऱ्याला काहीच देणं लागत नाही. तरीही आम्ही रांगेतच उभे असतो. कुणी जुनी गाडी विकायची थांबवतो, कुणी पैसे बाजूला टाकत राहतो.

२०१४ च्या त्या गाड्यांचं काय झालं ते पाहा. हिरोची एचएक्स २५० आर अमेरिकेतल्या एरिक ब्यूएल रेसिंगच्या मदतीने तयार होत होती. एप्रिल २०१५ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि एचएक्स शोरूमपर्यंत पोचलीच नाही. पल्सर एसएस ४०० बद्दल माझा अंदाज असा, की तिची जागा घरातल्याच बहिणीने घेतली. चाकणच्या त्याच कारखान्यात केटीएमच्या गाड्या बनतात आणि ३७३ सीसीची, पूर्ण फेअरिंगची आरसी ३९० त्याच वर्षी बाजारात आली होती. एकाच छपराखाली तशीच दुसरी, स्वस्त गाडी काढून कंपनीने काय साधलं असतं?

उरली सीएस ४००. ती डिसेंबर २०१६ मध्ये आली, पल्सर हे नाव टाकून, डॉमिनार ४०० म्हणून. दिल्लीत एक्स-शोरूम किंमत १ लाख ३६ हजारांपासून. ३७३ सीसीचं इंजिन, पण ताकद ३९० ड्यूकपेक्षा कमी ठेवलेली, ३५ पीएस. एलईडी हेडलाइट, स्लिपर क्लच, वजन १८२ किलो. मी तोवर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शेवटच्या बाकावरच्या आम्हा भांडणाऱ्यांना ती पाहून काय वाटलं? फेअरिंग नाही, वारा थेट छातीवर. टाकी १३ लिटरची, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीच्या करिझ्माहून लहान. लांबच्या प्रवासाची म्हणायची आणि पेट्रोल पंप लवकर शोधायला लावायचा!

पण खरा इतिहास इथून पुढे आहे. ज्यांनी ती घेतली ते तिला घेऊन लडाखला गेले, स्पितीला गेले, कोकणात गेले. कुणी उंच काच बसवली, कुणी वेल्डिंगवाल्याकडून मागे कॅरिअर करून घेतलं, कुणी हँडगार्ड लावले, कुणी फोनसाठी चार्जर ओढून घेतला. २०१९ मध्ये कंपनीने इंजिन सुधारलं, ताकद ४० पीएसवर नेली आणि पुढे अपसाइड-डाउन फोर्क दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये उंच काच, हँडगार्ड, कॅरिअर, इंजिनाखालची बॅश प्लेट आणि यूएसबी हे सगळं कारखान्यातूनच बसून यायला लागलं. गॅरेजमध्ये पाच वर्षं जे चाललं होतं, ते ब्रोशरमध्ये छापून आलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे प्रॉडक्ट रिलीजच्या दिवशी पूर्ण होत नाही, वापरणारे ते पूर्ण करून घेतात. डॉमिनारचंही तसंच झालं. प्रदर्शनातल्या फोटोत दिसलेली टूरर आली नाही. आली त्या गाडीतून ती लोकांनी काढली.

ऑगस्ट २०२३ मध्ये करिझ्मा हे नावही परत आलं, एक्सएमआर होऊन. २१० सीसी, लिक्विड कूलिंग, २५ पीएसच्या वर ताकद, पूर्ण फेअरिंग. आणि टाकी ११ लिटरची. पंधरा, तेरा, अकरा. वीस वर्षांत ताकद वाढत गेली आणि टाकी आटत गेली. एकट्या टूररच्या सोयीने गाडी बनत नाही, हे या तीन आकड्यांतून कुठल्याही टीझरपेक्षा स्पष्ट कळतं.

म्हणून पुढच्या गाडीचे फोटो मी बघणार आहे, पण त्यासाठी आहे त्या गाडीची चेन-स्प्रॉकेट बदलायची थांबवणार नाही. नवी आली की टाकी किती लिटरची, मागे बॅग बांधायला हूक आहेत का आणि तालुक्याच्या गावी तिचा पार्ट मिळतो का, एवढंच विचारायचं. बाकीचं वेल्डिंगवाला आणि आपण मिळून बघून घेऊ.