बॅटरीची सवय

काही वर्षांपूर्वी मुलाने मला लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदाराने बजावले, "चाचा, बॅटरी पूर्ण संपू द्या, मगच चार्जिंगला लावा. नाहीतर तिला वाईट सवय लागते." मी नेम धरल्यासारखे ते पाळले. रोज रात्री लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत लिहायचे, मगच वायर जोडायची. दोन वर्षांत बॅटरी अर्ध्या तासावर आली. एका रात्री ती अचानक बंद पडली आणि न साठवलेली कविता गेली. तेव्हा या सल्ल्याचे मूळ शोधायला बसलो.

सल्ला खराच होता, पण दुसऱ्या बॅटरीचा. 1899 साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. सुरुवातीच्या अनेक लॅपटॉपमध्ये हीच असे. रोज थोडीशीच वापरून भरत राहिले, की आतले कॅडमियमचे स्फटिक मोठे होत आणि बॅटरी लवकर मान टाकी. याला 'मेमरी इफेक्ट' म्हणत. मधूनमधून ती पूर्ण रिकामी करणे हा त्यावरचा उपाय होता.

पुढे लिथियम आले. 1970च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची बॅटरी घडवली, पण तिला पेट घेण्याची खोड होती. 1980 साली ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवला. 1985 साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियमऐवजी कार्बन वापरून ती सुरक्षित केली. 1991 साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते.

या बॅटरीत लिथियमचे कण दोन टोकांमध्ये ये-जा करतात. तिला ती जुनी खोड नाही. उलट पूर्ण रिकामी होणे, सतत काठोकाठ भरलेली राहणे आणि उष्णता, या तीन गोष्टी तिला सोसत नाहीत. म्हणजे बॅटरी बदलली, सल्ला मात्र तोच राहिला. दुकानदाराला तो त्याच्या उस्तादाकडून मिळाला असेल. त्याने प्रामाणिकपणे मला दिला.

आता नवी बॅटरी बसवली आहे. ती वीस टक्क्यांखाली जाऊ देत नाही आणि ऐंशीच्या आसपास वायर काढतो. प्रवासाला निघताना तेवढी पूर्ण भरतो. लॅपटॉप गादीवर ठेवत नाही, कारण हवा अडते आणि तो तापतो. पडद्याचा उजेड कमी केला की चार्ज बराच जास्त वेळ पुरतो. बरेच दिवस वापरायचा नसेल, तर निम्मा भरून थंड जागी ठेवतो. आणि दर दोन ओळींनंतर कविता साठवतो.

गेलेल्या कवितेची पहिली ओळ आठवते. बाकीच्या अजून जुळलेल्या नाहीत.