ध्रुवीय हिमातील चिवट विषे

डीडीटी, पीसीबी, हेक्झाक्लोरोबेंझिन यांसारखी सेंद्रिय रसायने निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत. ती प्राण्यांच्या चरबीत साठतात आणि अन्नसाखळीत वर जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाते. त्यांना चिवट सेंद्रिय प्रदूषके म्हणतात. उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते, थंडीत ती खाली बसतात, पुन्हा उडतात आणि अशा टप्प्याटप्प्याने ध्रुवांपर्यंत पोहोचतात. जेथे कधी शेतीच झाली नाही, त्या अंटार्क्टिकाच्या हिमात डीडीटी असल्याचे १९६९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथील पेंग्विनांच्या शरीरात ते १९६६ मध्येच आढळले होते.

हिमातील प्रमाण बहुधा लिटरमागे काही पिकोग्रॅम असते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्यामुळे बादलीभर बर्फ पुरत नाही. कित्येकदा शंभर लिटरच्या आसपास वितळलेले पाणी विशिष्ट राळेतून गाळावे लागते. राळेला चिकटलेली रसायने द्रावकाने सोडवून, त्याचा अर्क थेंबाएवढा आटवून तो वायू वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यंत्रात तपासतात. कार्बन-१३ने खूण केलेले तेच संयुग ठरावीक मात्रेत आधी मिसळलेले असते. त्यातले किती हाती लागले यावरून वाटेतली घट कळते.

खरा शत्रू मात्र संशोधक स्वतःच! जनित्राचा धूर, तळावरचा रंग, अंगावरचे कपडे यांतूनही हीच रसायने नमुन्यात उतरू शकतात. म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला, तळापासून दूर जाऊन, द्रावकाने धुतलेल्या पोलादी अवजारांनी हिम खणतात. सोबत ‘कोरा नमुना’ही नेतात. तो तेथे उघडायचा, बंद करायचा आणि तसाच परत आणून तपासायचा. हिमाइतकेच रसायन त्यातही निघाले, तर साऱ्या मोहिमेचा आकडा निरर्थक ठरतो.

खोल बर्फाच्या थरांचे वय ठरवण्यास १९६३च्या सुमाराचा, अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाचा थर उपयोगी पडतो. तरीही बर्फ ही बिनचूक रोजनिशी नव्हे. हिम दबत जाते तशी हलकी संयुगे हवेत परततात. पडले तेवढे सारे थरात उरत नाही.

या आकड्यांमागे माणसे आहेत. १९८०च्या दशकात क्वेबेकच्या उत्तरेकडील इन्युइट मातांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेतील स्त्रियांच्या सुमारे पाचपट आढळले. सील आणि व्हेल हा त्यांचा पिढीजात आहार. २००१च्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधील मूलनिवासींचा मुद्दाम उल्लेख आहे. आरंभी त्यात १२ रसायने होती. पुढे यादी वाढली.

२००८ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील ॲडेली पेंग्विनांत डीडीटी अपेक्षेप्रमाणे घटले नसल्याचे दिसले. वितळणाऱ्या हिमनद्यांतून जुना साठा समुद्रात परतत असावा, असे संशोधकांनी त्याचे कारण मांडले.